पोरात दम आहे का?

तुमचाही एकदा ड्राफ्ट झालेला आहे. आठवून बघा. कॉलेजचं ऑडिटोरियम, मित्राकडून उसना आणलेला टाय, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दहावी-बारावीच्या मार्कशीट आणि पोटात मोठ्ठा गोळा. सकाळी अ‍ॅप्टिट्यूड, दुपारी जीडी, मग टेक्निकल, मग एचआर आणि संध्याकाळी नोटीस बोर्डावर एक यादी. नाव असेल तर आईला फोन, नसेल तर टपरीवर चहा! आपण याला 'कॅम्पस' म्हणतो. अमेरिकेत बास्केटबॉल खेळणाऱ्या कॉलेजच्या पोरांसाठी याच प्रकाराचं नाव आहे 'ड्राफ्ट'. फरक एवढाच, की तिकडची यादी टीव्हीवर लाइव्ह वाचली जाते आणि आपली यादी शिपाईकाका चार पिना टोचून लावून जातात.

मी पुण्यातल्या एका आयटी कंपनीत एचआरमध्ये आहे. वर्षातले चार महिने माझं काम म्हणजे कॉलेजं फिरायची आणि एकवीस-बावीस वर्षांच्या पोरापोरींशी अर्धा तास बोलून समोरच्या कागदावर 'हो' किंवा 'नाही' लिहायचं. त्यामुळेच असेल कदाचित, पण एनबीएच्या सामन्यांपेक्षा मला एनबीएच्या ड्राफ्टचं वेड जास्त. जूनच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. मी गजर लावून उठतो. रूममेट पांघरुणातून ओरडतो, "अरे, मॅच असेल तर ठीक आहे. नुसती नावं वाचताना काय बघायचंय?" आता त्याला कसं सांगू, की खरी गंमत ती नावं ठरेपर्यंतच्या महिन्यांत असते!

उंची, हात आणि उडी

ड्राफ्टचा फंडा सोपा आहे. एनबीएत ३० संघ. दोन फेऱ्या. साधारण ६० नावं. आधीच्या मोसमात जे संघ सपाटून मार खाऊन बसलेत, त्यांना वरच्या क्रमांकाची निवड मिळण्याची संधी जास्त. म्हणजे नापासांना पुढच्या वर्षी वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा पार्टनर म्हणून द्यायचा. जगातल्या सगळ्यात भांडवलशाही देशाने खेळात चक्क समाजवाद आणलाय.

पण हुशार मुलगा कोणता, हे ठरवायचं कसं? त्यासाठी मे महिन्यात शिकागोत 'कम्बाइन' नावाचा एक प्रकार होतो. तिथे पोरांना अक्षरशः मोजतात. अनवाणी उंची किती, दोन्ही हात पसरले तर टोकापासून टोकापर्यंत अंतर किती, जागेवरून उडी किती, धावत येऊन किती, वळायला किती सेकंद लागतात. मग मुलाखती. त्याआधी दोन-दोन वर्षं संघांचे स्काउट कॉलेजांचे सामने बघत फिरत असतात. एकेका पोरावर जाडजूड फाइल तयार होते. स्थळ बघायला आलेली मंडळीसुद्धा इतकी चौकशी करत नाहीत!

आणि एवढं करूनही काय होतं? २००७ साली केव्हिन ड्युरँट नावाच्या काटकुळ्या पोराला कम्बाइनमध्ये ८४ किलोचा बार एकदासुद्धा उचलता आला नाही. पहिल्या क्रमांकावर निवड झाली ग्रेग ओडन या धिप्पाड सेंटरची. ड्युरँट दुसरा. पुढे ओडनचे गुडघे गेले आणि त्याची सगळी एनबीए कारकीर्द १०५ सामन्यांत आटोपली. ड्युरँट २०१४ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. त्याच २०१४च्या ड्राफ्टमध्ये सर्बियाचा निकोला योकिच ४१वा निवडला गेला. त्याचं नाव जाहीर झालं, तेव्हा टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती. या जाहिरातीत हरवलेल्या माणसाने पुढे तीनदा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला आणि २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं.

हे किस्से सांगितले की ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये लोक खूश होतात. "बघ, या एचआरवाल्यांना काही कळत नाही!" असं म्हणत माझ्याच डब्यातली भाजी घेतात. मीही हसतो. पण खरं सांगायचं तर, या किश्श्यांचा अर्थ मला तितका सरळ वाटत नाही. त्याचं कारण १९८४.

पोर्टलंड खरंच आंधळं होतं का?

१९८४च्या ड्राफ्टची गोष्ट बास्केटबॉलशी संबंध नसलेल्यांनीही ऐकलेली असते. पहिला हकीम ओलाजुवान, ह्यूस्टनकडे. दुसरा सॅम बोवी, पोर्टलंडकडे. आणि तिसरा, शिकागोकडे... मायकेल जॉर्डन. पायाच्या दुखापतीमुळे बोवी कॉलेजचे दोन मोसम बाहेर बसला होता. एनबीएतही दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही. जॉर्डनने सहा विजेतेपदं मिळवली. तेव्हापासून मूर्खपणाची निवड म्हटली, की पोर्टलंडचं नाव निघतं.

पण पोर्टलंडच्या जागी बसून बघा. जॉर्डन ज्या जागेवर खेळायचा, त्याच जागेसाठी त्यांनी आदल्याच वर्षी एक पोरगा घेतला होता. क्लाइड ड्रेक्सलर. तोही पुढे मोठ्ठा खेळाडू झाला. त्यांच्याकडे नव्हता तो बास्केटखाली उभा राहणारा उंच माणूस. म्हणून त्यांनी उंच माणूस घेतला. जॉर्डन त्यांना दिसला नव्हता असं नाही. जॉर्डनची त्यांना गरज नव्हती!

या एका वाक्यात माझ्या नोकरीचं सगळं सार आहे असं मला वाटतं. आपण समजतो की निवड म्हणजे समोरच्या पोराची परीक्षा. प्रत्यक्षात तिथे दोन पेपर एकदम चालू असतात. एक पोराच्या कुवतीचा, दुसरा घेणाऱ्याच्या गरजेचा. निकाल दोन्ही मिळून लागतो, पण मार्कशीट मात्र एकट्या पोराच्या हातात येते.

हे सगळं माझ्यासाठी कॅण्टीनमधल्या गप्पांपुरतंच होतं. मग गेल्या गणपतीत गावाहून काकांचा फोन आला.

"एकदा बघून सांग बाबा"

माझं गाव पिंपळगाव रेणुकाई. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात. रेणुकामातेचं गाव आणि हिरव्या मिरचीचा मोठा बाजार. पावसाळ्यात आमच्याकडे संध्याकाळी रस्त्यावर चालायला जागा नसते. मिरचीची पोती, टेम्पो, ट्रक, हमाल, व्यापारी आणि डोळ्यांतून येणारं पाणी.

काकांचा मुलगा, म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ, १९ वर्षांचा. भोकरदनला बी.ए.ला आहे आणि कबड्डी खेळतो. नुसता खेळतो असं नाही, कबड्डीशिवाय दुसरं काही करतच नाही. चढाईपटू. पंचक्रोशीतल्या स्पर्धांमध्ये त्याचं नाव आहे. घरात दोन ढाली आणि एक टेबल फॅन त्याने जिंकून आणलेला आहे. त्याला आणखी एक वर्ष हवं होतं. विद्यापीठाच्या संघात जायचं, तिथून पुढे प्रो कबड्डी. काकांचं म्हणणं, पोलीस भरतीची तयारी कर, नाहीतर शेतात ये.

"तू तिकडं पोरायच्या मुलाखती घेतो ना?" काका फोनवर म्हणाले. "मंग आपल्या पोराचं बी बघ की. ह्याच्यात काही दम हाये का न्हाई, एकदा बघून सांग बाबा. दम असंल तर वरीसभर सोडतो त्याला. नसंल तर आत्ताच सांग, उगं वय कशाला घालवायचं?"

मंडळी, मी आजवर शेकडो पोरांना 'हो-नाही' केलंय. त्यातल्या एकाच्याही घरी मला दिवाळीला जायचं नव्हतं.

आपला ड्राफ्ट, आपलं कम्बाइन

बास्केटबॉल सोडा. आपल्याकडे या ड्राफ्टच्या सगळ्यात जवळचं काही असेल, तर तो प्रो कबड्डीचा लिलाव. २०१४ मध्ये लीग सुरू झाली आणि चड्डी-बनियनवर मातीत खेळला जाणारा आपला खेळ रंगीत मॅटवर, भल्यामोठ्या दिव्यांखाली गेला. लिलावात खेळाडूंचे गट असतात. २०२३ च्या लिलावात 'अ' गटाची मूळ किंमत ३० लाख होती, 'ड' गटाची ९ लाख. पवन सेहरावतवर तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाखांच्या वर बोली लावली. शिवाय 'न्यू यंग प्लेअर' नावाचा एक दरवाजा असतो. त्यातून संघ कोवळी पोरं थेट घेऊन तयार करतात. आणि हो, कॉलेजचाही रस्ता आहे. २०२२ च्या लिलावात खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतल्या दोन अंतिम संघांची २४ पोरं खेळाडूंच्या यादीत होती. म्हणजे धाकट्याचं स्वप्न अगदीच हवेतलं नव्हतं.

त्याच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर कोण आहे माहितीये? अस्लम इनामदार. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा. कष्टाच्या घरातून आलेला. पुणेरी पलटणने त्याला आठव्या मोसमासाठी, २०२१ मध्ये नवोदित म्हणून घेतलं. मार्च २०२४ मध्ये हाच पोरगा कर्णधार म्हणून हैदराबादच्या अंतिम सामन्यात उतरला. पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडूही अस्लमच ठरला. धाकट्याला वाटतं, टाकळीभान काय आणि पिंपळगाव काय!

पण खेड्यातल्या पोराला मोजणारं खरं कम्बाइन शिकागोत नसतं आणि लिलावातही नसतं. ते जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर असतं. पोलीस शिपाई भरती. पोरांसाठी उंची किमान १६५ सेंटिमीटर. छाती न फुगवता ७९, फुगवून आणखी ५. मग १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. एकूण ५०. नंतर १०० गुणांची लेखी. पहाटे चार वाजता थंडीत अनवाणी उभी असलेली हजारो पोरं एकदा बघा. तिथे कॅमेरे नसतात, कॉमेंट्री नसते. पण प्रत्येकाच्या मागे एक अख्खं घर उभं असतं.

एनबीएच्या फाइलमध्ये आणि भरतीच्या मैदानात एक मोठा फरक आहे. भरतीला तुमच्याकडून काय हवंय हे आधीच छापलेलं असतं. सेकंद मोजा, मीटर मोजा, गुण घ्या. कबड्डीत तसं काहीच छापलेलं नसतं. काकांचा ओढा भरतीकडे का, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांना खाकीचं वेड नव्हतं. त्यांना नियम माहीत असलेली परीक्षा हवी होती.

मातीवरचे गुण

शनिवार-रविवार जोडून मी गावी गेलो. शाळेच्या मैदानावर मंडळाची स्पर्धा होती. मी चक्क वही घेऊन बसलो. ('पाहुणे पेपरवाले आहेत का?' असं दोघांनी विचारून घेतलं.)

कबड्डीत चढाईपटूला बघायचं म्हणजे नुसते गुण मोजून भागत नाही. चढाई ३० सेकंदांची. तो पहिल्या दहा सेकंदांत घाई करतो का? निदान रेषा ओलांडून परत येतो, की खरंच कोपऱ्यापर्यंत जातो? समोर सहा-सात जण असताना बोनस रेषेवर पाय टाकायची त्याची हिंमत होते का? दोन रिकाम्या चढाया झाल्या की तिसरी 'करो या मरो'. गुण आणला नाही तर बाद. तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पकड झाल्यावर, छातीवर चार जण बसून उठल्यावर, पुढची चढाई तो कशी करतो?

धाकट्याचे पाय बघण्यासारखे होते. उजव्या कोपऱ्याला हुलकावणी देऊन तो मध्यरेषेकडे असा वळायचा, की लोक उभे राहायचे. घाबरत नव्हता. लोण चढायच्या बेतात असताना एकट्याने जाऊन दोन गडी मारून आला. माझ्या वहीत डाव्या बाजूला बरंच काही जमा झालं.

पण उजव्या बाजूला मी एकच प्रश्न लिहिला होता. समोर कोण होतं?

समोर आजूबाजूच्या गावांची पोरं होती. काही जण दुपारपर्यंत मिरची तोडून आलेली. मैदान मातीचं. मॅटवर बूट घालून खेळतात तेव्हा पायाची पकड बदलते, वळण्याचा वेग बदलतो आणि पडल्यावर लागतं वेगळ्या ठिकाणी. अमेरिकेतल्या स्काउटांचंही अर्धं डोकं याच प्रश्नात जातं. लहान कॉलेजकडून खेळून तीस-तीस गुण मारणारा पोरगा मोठ्या संघापुढे किती मारील? आकडा खरा असतो. पण तो कुणाविरुद्ध काढलाय, हे आकड्यावर लिहिलेलं नसतं.

आम्हा जालनेकरांना यासाठी अमेरिकेत जायची गरज नाही. आमच्याकडे विजय झोल आहे. २०११ मध्ये कूचबिहार करंडकात, १९ वर्षांखालच्या सामन्यात या पोराने आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. चारशे एक्कावन! जिल्ह्यात फटाके वाजायचेच बाकी होते. २०१४ च्या १९ वर्षांखालच्या विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. त्याच वर्षी आयपीएलच्या लिलावात बंगळुरूने त्याला घेतलं. त्या संघात त्याच्या हाताखाली कोण खेळत होतं? संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, सर्फराझ खान. हे चौघंही पुढे भारताकडून खेळले. आमचा विजय खेळला नाही.

मग विजयला निवडणारे चुकले का? मला नाही वाटत. त्या दिवशी त्यांच्यासमोर जे होतं, त्यावरून त्यांनी बरोबरच निवड केली होती. पुढची दहा वर्षं कुणाच्याच वहीत नव्हती. आणि देशाच्या १९ वर्षांखालच्या संघाचा कर्णधार होणं ही काही हुकलेली संधी नव्हे. जालन्यासारख्या ठिकाणाहून तिथवर जाणं हीच केवढी मोठी गोष्ट!

जालना हे बियाण्यांचं गाव. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाल्यांनी इथे महिको सुरू केली आणि त्यानंतर गल्लोगल्ली बियाण्यांच्या कंपन्या आल्या. आमच्याकडच्या शेतकऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा आकडा असतो, उताऱ्याचा नसतो. शंभरातले किती दाणे उगवतील हे कंपनी सांगते. एकरी किती क्विंटल निघेल, हे सांगायची तिची हिंमत नसते. ते पाऊस ठरवतो, जमीन ठरवते आणि रात्री पाणी द्यायला उठणारा माणूस ठरवतो.

"त्यांनी तुझ्यात काय बघितलं?"

रविवारी संध्याकाळी धाकटा आणि मी मिरची बाजारातून चालत होतो. एका अडतीसमोर थांबलो. व्यापाऱ्याने पोत्यात खोल हात घातला, तळातल्या चार मिरच्या काढल्या, एक मोडली, देठ बघितला आणि भाव सांगितला. शेतकरी पुढच्या अडतीवर गेला. तिथे त्याच पोत्याला दुसरा भाव!

"असं का रे?" मी विचारलं.

धाकटा म्हणाला, "ह्याचा माल लांब जातोय दादा. दोन-तीन दिवस गाडीत राहणार. त्याला टणक मिरची लागते, देठासकट. पुढचा जवळपासच्या बाजारात विकतो. त्याला थोडी नरम असली तरी चालती."

मी एकदम थांबलो. पोर्टलंडचं आख्खं कोडं या पोराने दोन वाक्यांत सोडवलं होतं, आणि त्याला सॅम बोवी कोण हे माहीतही नव्हतं.

मग त्याने मला विचारलं, "दादा, तुझं सिलेक्शन झालं तेव्हा त्यांनी तुझ्यात काय बघितलं होतं?"

कुठल्याही एचआरवाल्याला हा प्रश्न विचारू नये! पण विचारला, तर खरं उत्तर द्यावं. मी सांगितलं, की त्या वर्षी कंपनीला नवीन प्रोजेक्ट मिळालं होतं आणि महिनाभरात माणसं भरायची होती. माझे मार्क बरे होते, बोलणं बरं होतं. पण माझ्याइतकीच बरी पोरं दोन वर्षांनंतर, मंदीत, त्याच कॉलेजच्या त्याच ऑडिटोरियममधून रिकाम्या हाताने गेली. ती माझ्यापेक्षा कमी नव्हती. त्या वर्षी घेणाऱ्याला कुणी नको होतं.

धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे नाही म्हटलं, तर मी भंगार असं नाही."

"नाही. आणि हो म्हटलं, तर तू अस्लम इनामदार असंही नाही."

हसला. पण त्याला कळलं होतं.

काकांना काय सांगितलं

रात्री अंगणात बैठक. काका, काकू, आजी आणि मी. काकांनी सुपारी कातरत विचारलं, "बोल बाबा. हाये का दम?"

मी म्हटलं, "काका, पाय आहेत, नजर आहे, भीती नाही. एवढं मी बघितलंय. प्रो कबड्डीत जाईल का, हे मी सांगू शकत नाही आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

"मंग तू आलास कशाला?" काकूने विचारलं. रास्त प्रश्न होता.

म्हणून मी तीन गोष्टी मांडल्या. एक, वर्ष द्यायचं तर तारखेसकट द्या. पुढच्या पावसाळ्यापर्यंत, मिरचीची लागवड सुरू होईपर्यंत. दुसरी, गावातल्या स्पर्धा कमी. मॅट असेल तिथे, ओळखीचे पंच नसतील तिथे, त्याच्यापेक्षा चांगली पोरं असतील तिथे त्याला पाठवा. तिथे हरला तरी ते बघण्यासारखं असेल. इथे जिंकून आता काही नवीन कळणार नाही. तिसरी, पहाटेचं १६०० मीटर आजपासून सुरू. कबड्डीला दम लागतो आणि भरतीलाही लागतो. त्यात वाया काहीच जात नाही. शिवाय सरकारी भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्याच्या अटी कडक असतात, कोणत्या पातळीच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं हे आधी नीट बघावं लागतं. पण म्हणून तर टेबल फॅनच्या स्पर्धा सोडून अधिकृत स्पर्धा खेळायच्या.

काकांनी सुपारी तोंडात टाकली. "म्हंजे दोन्ही घोडे पळवायचे."

"एक वर्षच, काका."

अमेरिकेतल्या स्काउटची निवड चुकली, तर फार तर त्याची नोकरी जाते. माझी चुकली तर कंपनी दुसरा माणूस घेते. पोराचं मात्र वयाचं विसावं वर्ष जातं, आणि ते परत मिळत नाही. हा हिशोब सारखा नाही. म्हणून मला वाटतं, ज्याला कुणाला एखाद्या पोराबद्दल 'दम आहे की नाही' हे सांगायची वेळ येते, त्याने निकाल सांगण्याऐवजी पुढची चाचणी कुठे आणि कधी, हे सांगावं. सतनाम सिंगचंच बघा. पंजाबातल्या बल्लोके नावाच्या खेड्यातला, सात फूट दोन इंच. २०१५ मध्ये डॅलसने त्याला ५२वा निवडला. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. एनबीएचा एकही सामना तो खेळला नाही. पुढे तो व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात उतरला. लोक याला अपयश म्हणतात. मला त्यात एक पोरगा दिसतो, जो १४व्या वर्षी फ्लोरिडात शिकायला गेला आणि एक दार बंद झाल्यावर दुसरीकडे जाऊन उभा राहिला.

आता बातमी. ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी झाली. मॅटवर. धाकट्याने तिथे दोन सामन्यांत चांगल्या चढाया केल्या. शेवटच्या यादीत त्याचं नाव आलं नाही, राखीव खेळाडूंमध्ये आलं. काकांचा फोन आला तेव्हा आवाज पडलेला होता. मीही शब्द शोधत होतो. तेवढ्यात धाकट्याने त्यांच्या हातून फोन घेतला.

"दादा, मी सरांना विचारलं."

"काय विचारलंस? तू कुठे कमी पडलास ते?"

"नाही. तुम्हाला काय पाहिजे होतं, ते विचारलं. सर म्हणाले, तुझ्यासारखे उजव्या बाजूने जाणारे दोघं आधीच आहेत. मला चढाईबरोबर डावा कोपरा सांभाळणारा पाहिजे होता. पकड शिकून ये, पुढच्या वर्षी बघू."

सध्या तो पहाटे १६०० मीटर पळतो आणि संध्याकाळी भोकरदनला डाव्या कोपऱ्यात उभा राहून चढाईपटूंचे घोटे धरायला शिकतो. त्याच्या कोपरांची सालं निघालीत. पावसाळ्याला अजून सात महिने आहेत.

आणि तुमचं अप्रेझल कधी आहे? मार्चमध्ये ना? रेटिंग मनासारखं नाही आलं, तर टपरीवर जाण्याआधी बॉसला एकदा हा प्रश्न विचारून बघा. तुम्हाला काय हवं होतं? उत्तर आवडेलच असं नाही. पण कोणत्या कोपऱ्यात उभं राहायचं, ते तरी कळेल.